काशिनाथच्या टाचा

चालण्याचीही शर्यत असते, हे वैजापुरात कुणाला सांगून पटत नसे. पळण्याची असते, बैलांची असते, सायकलचीसुद्धा असते. पण चालायचं तर माणूस तसाही चालतोच, त्यात पहिला-दुसरा काय, असं लोक म्हणत. आम्हाला ती शर्यत गव्हाणे सरांनी दाखवली. सर शाळेत भूगोल आणि खेळ असे दोन्ही विषय शिकवत. नियम दोनच, ते सांगत. एक पाय कायम जमिनीला टेकलेला पाहिजे, आणि पुढं टाकलेला पाय टेकताना गुडघ्यात सरळ पाहिजे. दोन्ही पाय एकदम सुटले की तुम्ही पळालात, आणि पळालात की पंच ताकीद देणार. तिसऱ्या ताकिदीला बाहेर. एवढं सांभाळून जो पुढं जाईल तो जिंकला. त्यात कंबर अशी काही लचकते की बघणाऱ्याला हसू आवरत नाही. आम्ही दोघं पहिल्यांदा तसे गावाबाहेरच्या रस्त्यानं गेलो, तेव्हा कांद्याच्या ट्रॅक्टरवर बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसत राहिल्या, ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत.

दोघं म्हणजे मी, सुदाम, आणि काशिनाथ. माझे वडील, आबा, मार्केट यार्डात कांद्याचे आडतदार. काशिनाथचे वडील, तात्या, त्याच यार्डात मापाडी. शेतकऱ्याचा माल काट्यावर तोलून देणं हे त्यांचं काम. जात एक, गल्ली एक, शाळेतला बाक एक. आमच्या ओट्यावर तात्या चहाला बसत आणि काशिनाथ मला सुद्या म्हणे. बारावी झाली तेव्हा आमच्या वर्गातली मुलं कुणी डी.एड.ला गेली, कुणी एसटीत चिकटायच्या खटपटीला लागली. आम्ही दोघांनी मात्र भारताच्या पथकातून परदेशात चालायला जायचं ठरवलं होतं. ते ऐकून आबा इतके हसले होते की त्यांना ठसका लागला. पण त्यांनी अडवलं नाही. मुलाचं वेड परवडण्याइतकं आमचं बरं चाललं होतं.

माझा एक फोटो शाळेच्या कार्यालयात लावलेला आहे. त्याखाली लिहिलंय की परदेशात भारतातर्फे खेळलेला हा तालुक्यातला पहिला खेळाडू. ते खोटं नाही. पण ती जागा काशिनाथची होती, आणि ती मला कशी मिळाली हे मागच्या थंडीपर्यंत मी कुणाला सांगितलं नव्हतं. हे लिहितोय ते तेवढ्यासाठी.

सरांनी आम्हाला शहरात पाठवलं, गारखेड्याला माझ्या मावशीकडे. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. माझ्या तोंडी अजून दोन्ही नावं येतात. आज गारखेड्यात रस्ता ओलांडायला मला कुणाचा तरी हात धरावा लागतो. तेव्हा मावशीच्या घरामागं ज्वारीचं रान होतं आणि पुढं मुरमाचा रस्ता. मावशीला मूलबाळ नव्हतं. काका चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला सायकलवर जात. आमची खोली गच्चीवर, पत्र्याची. उन्हाळ्यात तो पत्रा दुपारभर कडकड वाजे आणि थंडीत पहाटे त्यावरून दवाचे थेंब पांघरुणावर पडत. खालून आधी हापशाचा आवाज येई, मग स्टोव्हला पंप मारल्याचा, मग मावशीच्या भाकरी थापण्याचा. काशिनाथ डोळे न उघडताच म्हणे, "सुद्या, ऊठ. चौथी भाकर पडली तव्यात. काका निघतेल आता."

मावशीच्या हातच्या येसराच्या आमटीची चव मी पुढं कुठं घेतली नाही. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं ते पीठ ती डब्यात करून ठेवी, आणि आम्ही चालून आलो की उकळत्या पाण्यात सोडी. घरभर वास सुटे. त्यात भाकरी कुस्करायची, वरून कच्चं तेल, बाजूला कांदा बुक्कीनं फोडलेला. काशिनाथ खायला बसला की मावशीला बरं वाटे. मी निवडून खायचो, तो ताट पुसून खायचा आणि वर विचारायचा, "मावशी, तुमच्यासाठी ठिवलं का काय, का समदं मीच वरपलं?" मावशी म्हणे, "ठिवलंय रं, तू खा. तुला बघूनच प्वाट भरतं माजं." मला वाटतं, तिला आमच्यातला तोच जास्त आवडत होता. मला त्याचं वाईट वाटत नसे. तो सगळ्यांनाच आवडायचा.

उजाडता उजाडता आम्ही जालना रोडला लागायचो आणि चिकलठाण्याच्या विमानतळापर्यंत जाऊन परत यायचो. त्याच वेळी पहिल्या पाळीचे कामगार सायकलींवरून जात. रोज तेच लोक, रोज तीच थट्टा. पांढऱ्या दाढीचे एक चाचा होते, ते आमच्या बाजूनं सायकल हळू करत आणि म्हणत, "क्या मियाँ, कमर में स्प्रिंग डाली क्या?"

"हौ चचा," काशिनाथ चालता चालता म्हणे, "तुमको भी डालूं क्या? मुफत में!"

"मेरेकू नक्को रे बाबा! घर में घुसने नइ देती मेरी बुढ़िया!" आणि सायकलींची ती रांग हसत पुढं जाई. मला त्या हसण्याची लाज वाटे आणि माझी चाल आखडे. काशिनाथची तशीच राही. पुढं पुढं चाचा आम्ही दिसलो की घंटी वाजवून रस्ता मोकळा करून द्यायला लागले.

शनिवारी सर वैजापूरहून एसटीनं येत. त्यांची शिकवण्याची एक तऱ्हा होती. रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर ते डोळे मिटून बसत आणि आम्हाला समोरून जायला लावत. बघत काहीच नसत. नुसतं ऐकत. "डोळा फसतो," ते म्हणत, "कान फसत नाही. टाच टेकली का नाही ते मला इथं बसून कळतं." आणि कळायचंच. माझा डावा पाय दमल्यावर सुटतो हे त्यांनी असंच ऐकून सांगितलं. काशिनाथच्या टाचांबद्दल ते कधी काही बोलत नसत. तो गेला की फक्त मान डोलावत, भजन ऐकताना म्हातारी माणसं डोलावतात तशी. आम्हा दोघांनाही हळूहळू तसं ऐकायची सवय लागली. आता गारखेड्याच्या क्रीडा संकुलात मी सकाळी बाकावर जाऊन बसतो. वैजापूरकडची एक मुलगी तिथं चालायला येते, नुकतीच बारावी झालेली, तिलाही परदेशातल्या स्पर्धेला जायचंय. मी डोळे मिटून ऐकायला बघतो. पण आताचे बूट मऊ, ट्रॅक मऊ, आणि माझे कानही गेलेले. काहीच ऐकू येत नाही.

चाल कुणाची चांगली, हा प्रश्न आमच्यात कधीच नव्हता. मी कष्टानं चालायचो. तो चालायचा. परतीच्या वाटेवर चढ लागला की मी धापा टाकायचो आणि तो पुढून ओरडायचा, "सुद्या, ये लवकर, धपाटे गार व्हतेत!" वर्ष-दोन वर्षांत आम्ही राज्याच्या शर्यतींत दिसायला लागलो. तो दुसरा-तिसरा, मी पाचवा-सहावा. मग सरांनी बातमी आणली की परदेशी जाणाऱ्या पथकाची शेवटची निवड आमच्याच शहरात, छावणीच्या रस्त्यांवर होणार. तिघं जाणार. फौजेतले दोघं चालणारे सगळ्यांच्या पुढं होते, त्यामुळे खरी जागा एकच. सरांनी काशिनाथला नवीन बूट आणून दिले. मला नाही.

याच दिवसांत माझं लग्न ठरलं. काशिनाथची धाकटी बहीण शकुंतला, शकू, तात्यांचा जेवणाचा डबा घेऊन यार्डात यायची. ती आबांच्या मनात भरली. मलाही ती आवडत होती, पण हे मी काशिनाथलासुद्धा बोललो नव्हतो. एक दिवस आबांनी भर यार्डात, हमाल-व्यापाऱ्यांसमोर, तात्यांना सांगितलं, "तात्या, तुमची शकू आमच्या घरात द्या. नारळ आन् मुलगी. दुसरं काय नको." तात्या काट्याजवळ उभेच राहिले. मग पुढं येऊन आबांच्या पाया पडायला वाकले. वयानं ते आबांपेक्षा मोठे होते. आबांनी त्यांना वरच्यावर धरलं, मिठी मारली, सगळ्यांना पेढे वाटले. पण त्या दिवसापासून तात्या आमच्या ओट्यावर चहाला बसेनासे झाले. आले तरी उभ्यानं बोलून जात. मुलीकडचे झाले ना ते.

साखरपुडा होऊन आम्ही दोघं गारखेड्याला परत आलो, तेव्हा स्टँडवर काशिनाथनं माझी पिशवी उचलली. मला वाटलं गंमत करतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला उठवलं ते असं: "दाजी, उठा. उशीर व्हतोय."

मी पांघरुणातून म्हणालो, "कोण दाजी रे? डोकं फिरलं का तुझं?"

"बहिणीच्या नवऱ्याला दाजीच म्हणतेत."

खाली मावशीनंही त्याला टोकलं. "आत्तापर्यंत तर सुद्या सुद्या करत व्हतास, आन् आज तुमी-आमी?"

"मावशी, उद्या शकूच्या सासरी कुणी म्हणलं, हिच्या भावाला रीत नाय, तर?" तो हसत म्हणाला. मावशीला ते पटलं. आमच्याकडे कुणालाही पटलं असतं. मुलीच्या माणसांनी मुलाच्या माणसांपुढं एक पायरी खाली राहायचं, हे आमच्यात कुणी शिकवत नाही. तसंच बघत आपण मोठे होतो. तो माझं ताट आधी वाढायला सांगू लागला. हापशावर मला आधी अंघोळीला पाठवू लागला. आणि काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की जालना रोडच्या चढावर आता पुढून कुणी हाक मारत नाही. तो माझ्या मागं होता.

सरांनी ते पहिल्याच शनिवारी ऐकलं. आम्ही कठड्यापुढून गेलो आणि त्यांनी डोळे उघडले. "काशिनाथ, बरं नाही का?" "बरं हाय सर." पुढच्या शनिवारी परत तेच. सर चिडले. एवढा देवानं दिलेला पाय आणि हा आळस करतोय, असं त्यांना वाटलं. रस्त्यात सगळ्यांसमोर त्याला बोलले, तुला भूक नाही म्हणाले, जा तू काटा धर वैजापूरला. काशिनाथ मान खाली घालून ऐकत राहिला. मी बाजूला उभा होतो. मी दोन शब्द बोललो असतो तर सरांना सगळं कळलं असतं. मी बुटाची नाडी बांधत बसलो.

निवडीच्या आदल्या दिवशी दुपारी आबा आणि तात्या वैजापूरहून आले. बाईनं, म्हणजे माझ्या आईनं, पुरणपोळ्यांचा डबा भरून दिला होता. आम्ही जेवायला बसलो. काशिनाथ म्हणाला, "आबा, ह्या खाल्ल्यावर उद्या चालायचं नाय, लोळायचं!"

"मग तू दोन जास्तीच्या खा," आबा म्हणाले, "म्हणजे आमचा गडी पुढं जाईल." सगळे हसले. आबा रंगात आले. "काय तात्या? पाहुण्याच्या पुढं चालत नसतेत. व्हय का नाय?"

ते थट्टेनंच बोलले. आबा वाईट माणूस नव्हते, आणि ही गोष्ट त्यांच्या ध्यानातही राहिली नसेल. पण तात्या हसले नाहीत. त्यांनी तोंडातला घास गिळला आणि आबांकडे बघत म्हणाले, "नाय नाय. ते कसं चालंल." मावशीनं तूप वाढलं. काशिनाथनं आणखी एक पोळी मागून घेतली आणि खाल्ली.

ऊन कलल्यावर ते दोघं परत गेले. आम्ही गच्चीच्या पायरीवर पायांना तेल चोळत बसलो. खाली काका सायकल पुसत होते. काशिनाथनं दुसरी पोटरी चोळायला घेतली. मग म्हणाला, "दाजी, उद्या कसं करायचं?"

"कसं म्हणजे?"

"तुमी सांगा. तुमी म्हणाल तसं."

त्यानं मला सरळ विचारलं होतं. त्याच्या बापानं जे कबूल केलं होतं ते मी एका शब्दात मोडू शकत होतो. चाल रे गाढवा, पुढं जा, आबांचं मी बघतो, एवढं म्हणायचं होतं. माझ्या मनात ते आलंही. पण त्याच्या मागोमाग ती एकच जागा आली, विमान आलं, छातीवर नाव लिहिलेला तो बनियन आला. मी म्हणालो, "काशा, आबा लवकर विसरत नाहीत काही."

"व्हय," तो म्हणाला. आणि पोटरीला तेल चोळत राहिला.

खूप वर्षं मी स्वतःला समजावत आलो की मी त्याला थांब म्हटलं नव्हतं. ते खरंच आहे. मला थांब म्हणावं लागलं नाही.

शर्यतीची सकाळ थंड होती. छावणीचा तो रस्ता सपाट, दोन्ही बाजूंनी कडुनिंब, मोठमोठी बंद फाटकं. त्याच रस्त्याला फेऱ्या घालून वीस किलोमीटर. फौजेतले दोघं सुटले ते सुटलेच. त्यांच्यामागं थोडा वेळ पाच-सहा जणांचा घोळका राहिला, मग त्यातले एकेक गळत गेले, आणि शेवटी तिसरा मी आणि माझ्यामागं चौथा काशिनाथ असे उरलो. मागं वळून बघायची गरज नव्हती. त्याच्या टाचा मी झोपेतही ओळखल्या असत्या. ठक, ठक, ठक, मावशीच्या भाकरीसारख्या.

अर्ध्याच्या पुढं गेल्यावर मी एक गोष्ट केली. वळणावर मी मुद्दाम हळू झालो. बघावं म्हटलं. माझ्यामागच्या टाचा हळू झाल्या. मग मी होता नव्हता तेवढा जोर लावला. टाचा तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच बेतानं आल्या. मला माझा श्वास ऐकू येत होता, भात्यासारखा. त्याचा येत नव्हता. म्हणजे तो दमलेलाच नव्हता. मघापर्यंत मी स्वतःला म्हणू शकत होतो की आज त्याचा दिवस नसेल. त्या वळणानंतर ते म्हणता येत नव्हतं. मला कळलं होतं, आणि कळूनही मी चालत राहिलो.

पुढं माझा डावा पाय सुटायला लागला. पंचानं एक ताकीद दिली. थोड्या वेळानं दुसरी. आणखी एक मिळाली असती तर मी बाहेर गेलो असतो आणि तिसरा आपोआप काशिनाथ आला असता. त्यात त्याचा काही दोष नसता, आबाही काही म्हणू शकले नसते. त्यानं नुसतं गप्प राहायचं होतं. पण मागून त्याचा हळू आवाज आला, "दाजी, टाच. डावी टाच टेकवा." मी टेकवली. पुढच्या फेरीला परत, "टाच, दाजी." असं सांगत सांगत त्यानं मला शेवटच्या रेषेपर्यंत नेलं. जवळपास हाताला धरून नेल्यासारखं.

गव्हाणे सर एका निंबाखाली डोळे मिटून उभे होते. आम्ही शेवटचे त्यांच्यापुढून गेलो तेव्हा त्यांनी डोळे उघडले. त्यांनी काशिनाथकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. नंतर सगळे हार घालत होते तेव्हा ते जवळ आले आणि एवढंच म्हणाले, "जातोयस तर नीट जा." पुढं माझा सत्कार झाला त्याला ते आले नाहीत. गावात लोक म्हणाले, सर म्हातारपणी विक्षिप्त झाले.

परदेशी जाण्याआधी लग्न उरकून घ्यायचं ठरलं. वैजापुरात आमच्या दारापुढं मांडव पडला. बायकांनी काशिनाथला कान पिळायला पुढं ढकललं. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान धरायचा आणि मनासारखी भेट कबूल केल्याशिवाय सोडायचा नाही, अशी रीत. वर्षभरात त्यानं माझ्यावर हक्क दाखवावा असा तेवढा एकच क्षण. त्यानं माझा कान दोन बोटांत नुसता धरला, गरम भांडं धरतात तसा.

"आरं पीळ की!" त्याची चुलती ओरडली. "पाहुण्याला भेतो व्हय रं?"

"आंगठी माग, आंगठी!" "घड्याळ माग!" "आडतीतला हिस्सा माग!" सगळ्या हसत होत्या.

मी हळूच म्हणालो, "पीळ काशा. जोरात पीळ." मला खरंच दुखायला हवं होतं.

त्यानं पिळला नाही. म्हणाला, "दाजी, तिकडून आल्यावर तिथला रस्ता कसा व्हता ते सांगा. बस."

"हे काय मागणं!" म्हणून चुलतीनं कपाळावर हात मारला. माझ्या शेजारी बसलेली शकू मुंडावळ्यांच्या आडून खुदकन हसली.

तिकडे काय झालं ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे असं सगळ्यांना वाटतं. माझ्या पायात गोळा आला आणि मी शर्यत सोडली, अशी हकीकत मी सांगितली आणि तीच छापूनही आली. पायात गोळा आला नव्हता. अर्धी शर्यतही झाली नसताना पंचांनी मला बाहेर काढलं. डावा पाय. मी रस्त्याकडेला बसलो आणि बाकीचे लोक माझ्यापुढून फेऱ्या घालत राहिले. आणि रस्ता, तो फार सुंदर होता. काळाभोर, गुळगुळीत, एक खडा नाही. कडेला उंच झाडं, टेबलांवर पाण्याचे पेले मांडलेले. आणि माणसं. दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, आणि लचकत चाललेल्या त्या लोकांना बघून कुणीही हसत नव्हतं. म्हातारी माणसं टोप्या काढून टाळ्या वाजवत होती. मी तिथं बसून काशिनाथला त्या रस्त्यावर चालताना बघत होतो. मला त्याच्या टाचा ऐकू येत होत्या.

परत आल्यावर तो मला यार्डात भेटला. तात्यांची पाठ धरली होती म्हणून काट्यावर तो उभा राहत होता. बूट घरी ठेवले होते, यार्डात तो अनवाणीच असे. त्यानं हातातलं पोतं खाली ठेवलं, हात झटकले आणि लहान मुलासारखं विचारलं, "दाजी, कसा व्हता रस्ता?"

मी म्हणालो, "काही राम नाही रे. खडबडीत, वर चढ. टाच टेकत नाही माणसाची."

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावर एकदम हलकं झाल्यासारखं काहीतरी आलं. "मग बरं झालं म्या नाय आलो," तो म्हणाला. "मला वाटायलं, काय तरी मोठं हुकलं आपलं." आणि त्यानं पोतं उचलून काट्यावर टाकलं.

पुढच्या वर्षी बघू, असं तो एक-दोनदा म्हणाला. मग म्हणायचंही थांबला. तात्या पुन्हा उठलेच नाहीत, घर त्याच्यावर आलं, आणि तो जन्मभर त्या काट्यावर राहिला. मला खेळाडूंच्या राखीव जागेवर शहरात सरकारी नोकरी लागली. गारखेड्यातच घर बांधलं. परवा संकुलातली ती मुलगी माझ्या पाया पडली. तिला कुणीतरी सांगितलं होतं. "आजोबा, तुम्ही गेला होता ना तिकडं?" मी हो म्हणालो. वाकताना तिची वेणी पुढं आली, तिनं ती मागं टाकली आणि पळत गेली.

दर भाऊबीजेला काशिनाथ आमच्याकडे यायचा. शकू त्याच्या आवडीचं सगळं करायची आणि ओवाळून झालं की एक थट्टा ठरलेली असायची. "दादा, खा पोटभर. चालाया तर कदी जमलं नाय तुला. आमच्या ह्यांच्या मागंच ऱ्हायलास." तिचं भावावर वेड्यासारखं प्रेम होतं आणि नवऱ्याचा अभिमान होता, ती दोन्ही एकाच वाक्यात सांगायची. आधी मुलं हसायची, मग नातवंडं हसायला लागली. काशिनाथही हसायचा. "व्हय बाई, तुझा नवरा लई तेज," म्हणायचा. त्यानं चुकूनही माझ्याकडे बघितलं नाही. मी जेवत असायचो.

मागच्या थंडीत तो गेला. यार्डात काट्यापाशीच खाली बसला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. दिवस करून आम्ही वैजापूरहून घरी आलो. शकू ओट्यावर बसून भावाच्या आठवणी काढत होती, आणि रडता रडता मध्येच हसून म्हणाली, "चालण्यात तेवढा तुमच्यापुढं टिकला नाय बिचारा."

मग मी तिला सांगितलं. आबांची थट्टा, तेलाची वाटी, ते वळण, डावी टाच, रस्ता. सगळं.  माझं संपल्यावर ती स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"माझ्यामुळं थांबला तो," ती म्हणाली. "आन् म्या त्याला जल्मभर हिणवलं. त्याच्या ताटापाशी बसून. तुमी समोर जेवत व्हता."

 ती उठून आत गेली. संध्याकाळी तिनं भाकरी केल्या, माझं ताट वाढलं, पाणी ठेवलं. इतकी वर्षं मी जेवत असताना ती समोर बसायची, काय हवं नको बघायची. त्या दिवशी बसली नाही. अजूनही बसत नाही.